पांढऱ्या घोड्याचं गाव आणि कुऱ्हाडीचा संत

तीर्थाच्या गावाचं पोट नेमकं कशावर चालतं, हा प्रश्न बातमीदार म्हणून मला कायम छळतो. देव, संत, नवस हे आहेच. पण दर्शनाला येणाऱ्या माणसाला पाणी कोण पाजतं? रस्ता कोण करतं? देवळाचं काम कुणाला दिलं, किती पैशाला दिलं? आणि भाविक यायचे थांबले तर त्या गावानं खायचं काय? आपल्याकडं असे प्रश्न विचारले की लोक वाकड्या नजरेनं बघतात. म्हणून आज दूरच्या एका गावाची गोष्ट सांगतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गावाचं नाव सांक्ट वोल्फगांग. ऑस्ट्रियात, साल्झबर्गच्या पूर्वेला, आल्प्सच्या कुशीत, सरोवराच्या काठावर. लोकसंख्या तीन हजारांच्याही आत. मी स्वतः तिथं गेलेलो नाही, नकाशे, पुस्तकं आणि जुन्या कागदांच्या नकलांतून हे गाव मला भेटलं. पण काही गावं अशी असतात की न जाताही त्यांच्या गल्लीबोळांची ओळख होते.

आधी भूगोल समजून घ्या, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावरच उभा आहे. वोल्फगांगझे हे सरोवर साधारण दहा किलोमीटर लांब, अरुंद आणि खोल, सर्वात खोल जागी ११४ मीटर. सरोवराचं जुनं नाव आबरझे, संताचं नाव त्याला नंतर चिकटलं. दक्षिणेचा काठ सपाट, तिथून हमरस्ता जातो. सांक्ट वोल्फगांग आहे उत्तरेच्या काठावर, आणि त्या काठावर पश्चिमेला फाल्कनश्टाइन नावाचा डोंगरकडा थेट पाण्यात उतरलेला आहे. त्यामुळं आजही पश्चिमेकडच्या सांक्ट गिल्गनहून उत्तर काठानं गाडी येऊच शकत नाही. गाडीरस्ता पूर्वेकडून श्ट्रोब्लमार्गे येतो आणि गावाच्या थोडं पुढं जाऊन संपतो. म्हणजे जुन्या काळी यात्रेकरूला पर्याय दोनच. एक तर नावेत बसायचं, नाहीतर कडा चढून पलीकडं उतरायचं. धंद्याच्या दृष्टीनं बघाल तर अशा आडबाजूला गाव वसायचं काही कारणच नव्हतं. गाव वसलं ते संतामुळं.

संत वोल्फगांग ही काल्पनिक व्यक्ती नाही. दहाव्या शतकातला हा माणूस ९७२ मध्ये जर्मनीतल्या रेगन्सबुर्गचा बिशप झाला. पुढं सम्राट झालेला दुसरा हेन्री त्याच्या हाताखाली शिकला. बोहेमियाचा भाग त्याच्या धर्मप्रांतात होता. तो सोडून दिला तर प्राग स्वतंत्र होतं, पण आपलं उत्पन्न आणि वजन दोन्ही कमी होतं, असा पेच होता. या गृहस्थानं प्रांत सोडून दिला. अधिकाराच्या खुर्चीत बसून हद्द कमी करून घेणारा माणूस कुठल्याही काळात दुर्मिळच. मला तर त्याच्या सगळ्या चमत्कारांपेक्षा हा चमत्कार मोठा वाटतो.

९७६ च्या सुमारास सम्राट आणि बव्हेरियाचा ड्यूक यांच्यात जुंपली, तेव्हा वोल्फगांग रेगन्सबुर्ग सोडून मोंडझेच्या मठात आला. हा मठ तेव्हा रेगन्सबुर्गच्याच ताब्यात होता. इथपर्यंत इतिहास. ९९४ मध्ये ३१ ऑक्टोबरला प्रवासात असताना त्याला मृत्यू आला, १०५२ मध्ये पोपनं त्याला संत म्हणून जाहीर केलं, हाही इतिहास. त्याची समाधी रेगन्सबुर्गला आहे, सरोवराकाठी नाही. आता मधली दंतकथा ऐका.

म्हणतात की मोंडझेहून तो एकांतासाठी फाल्कनश्टाइनच्या गुहेत येऊन राहिला. सैतानानं त्याला त्रास दिला, दोन डोंगर एकत्र दाबून चिरडायला बघितलं, तेव्हा संतानं पाठ खडकाला टेकवली आणि खडक मेणासारखा मऊ झाला. मग एक दिवस त्यानं कड्यावरून कुऱ्हाड फेकली आणि नवस केला, की ही जिथं पडेल तिथं देऊळ बांधीन. कुऱ्हाड पडली आत्ताच्या गावाच्या जागी, काही किलोमीटरवर. एकटा माणूस देऊळ कसं बांधणार? सैतान म्हणाला मी मदत करतो, पण देवळात पहिल्यांदा पाऊल टाकेल त्याचा जीव माझा. करार झाला. देऊळ पुरं झालं आणि पहिल्यांदा आत शिरला तो लांडगा! संताच्या नावातच लांडगा आहे, जर्मनमध्ये वोल्फ म्हणजे लांडगा. सैतान चिडला, लांडगा घेऊन छपरातून पसार झाला.

गंमत सोडा, पण या कथेचं काम बघा. संताची समाधी दुसऱ्या देशात, त्याचा इथला मुक्काम थोडा काळ. तरी कुऱ्हाडीनं गावाची जागा नक्की केली, गुहेनं वाटेचा पहिला थांबा नक्की केला. कथा म्हणजे गावाचा सात-बाराच म्हणायचा. मंदिरात आजही संताची म्हणून दाखवतात ती खोली आहे, त्याच्या अंगाचा ठसा उमटलेला दगड आहे. फाल्कनश्टाइनच्या वाटेवर भाविक पापाचं ओझं म्हणून दगड उचलून वर न्यायचे आणि टाकून द्यायचे. वर गुहेपाशी सतराव्या शतकात छोटं चर्च बांधलं, तिथला झरा औषधी मानतात, आणि एक अरुंद फट आहे, तिच्यातून सरपटत गेलं की दुखणं मागं राहतं अशी समजूत. परतीला लोक छोटी धातूची कुऱ्हाड विकत घ्यायचे, आठवण म्हणून. कुठल्याही यात्रेतला माळा-फोटोवाला आठवा, तोच धंदा.

मध्ययुगाच्या शेवटी ही यात्रा एवढी वाढली, की रोम, आखेन आणि आइन्झिडेल्न यांच्या जोडीला तिचं नाव घ्यायचे. लाकूडतोडे, मेंढपाळ, खलाशी, पोटाचा विकार असलेले, अंगावरून वारं गेलेले, सगळ्यांचा हा संत. गावाचा मालक मात्र मोंडझेचा मठ. दानपेटी मठाची, जमीन मठाची, न्यायनिवाडाही बराचसा मठाचाच. आणि राज्य १५०६ पर्यंत बव्हेरियाचं, समोरच्या काठावर साल्झबर्गच्या आर्चबिशपचं. आज सरोवराचं बहुतेक पाणी साल्झबर्ग प्रांतात आणि हे गाव अप्पर ऑस्ट्रियात, ही विचित्र हद्द तेव्हाचीच उरलेली आहे.

१४२९ मध्ये आग लागली आणि जुनं देऊळ जळालं. मठानं ते नव्यानं, गॉथिक पद्धतीनं, मोठं बांधायला घेतलं. मुख्य वेदीसाठी मठाधिपती बेनेडिक्ट एक यांनी एका कारागिराला बोलावलं. त्याचं नाव मिखाएल पाखर. गाव ब्रुनेक, आज ते इटलीच्या दक्षिण टिरोलमध्ये येतं. चित्रंही काढायचा आणि लाकूडही कोरायचा, आणि दोन्हीत अव्वल.

हा करार १४७१ च्या डिसेंबरातला आहे आणि त्याचा मजकूर उपलब्ध आहे. मी आजवर नगरपालिकेच्या कितीतरी निविदा वाचल्या, पण साडेपाचशे वर्षांपूर्वीचा हा कागद वाचताना थक्क झालो. रक्कम ठरली बाराशे हंगेरियन सोन्याच्या मोहरा. मधल्या पेटीत काय कोरायचं, कवाडांवर काय रंगवायचं, कुठं सोनं चढवायचं ते कलमवार लिहिलंय. वाहतुकीचंही आहे. ब्राउनाउ गावापर्यंत माल पोहोचवायचा खर्च आणि नुकसानीची जोखीम पाखरची, तिथून पुढं मठाची. वेदी उभी करायला कारागीर येतील तेव्हा त्यांचं खाणंपिणं मठानं बघायचं, लोखंडी कामही मठानं पुरवायचं. आणि सर्वात भारी कलम हे, की काम पुरं झाल्यावर ते ठरल्या रकमेपेक्षा कमी किंवा जास्त किमतीचं वाटलं आणि वाद झाला, तर दोन्ही बाजूंनी सारख्या संख्येनं जाणकार नेमायचे आणि त्यांनी ठरवायचं. म्हणजे ठेकेदाराला फसवणं नाही आणि ठेकेदारानं फसवणंही नाही. आत्ताच्या कामांच्या करारांत लवाद असतो, मान्य. पण काम अपेक्षेपेक्षा चांगलं झालं तर जास्त पैसे देऊ, असं कलम मी तरी अजून पाहिलेलं नाही.

पाखरला दहा वर्षं लागली. वेदीवर साल आहे १४८१, आणि मठाधिपतीबरोबर पाखरचंही नाव आहे. उंची सुमारे बारा मीटर, म्हणजे चार मजली इमारतीएवढी. रचना मोठी हुशारीची आहे. कवाडांच्या दोन जोड्या, त्यामुळं वेदीची तीन रूपं होतात. सगळं बंद असताना बाहेरून संत वोल्फगांगच्या आयुष्यातले चार प्रसंग दिसतात. हे रोजचं रूप. बाहेरची जोडी उघडली की येशूच्या आयुष्यातली आठ चित्रं दिसतात, ते रविवारचं. आणि मोठ्या सणाला आतली जोडीही उघडायची, तेव्हा सोन्यात मढवलेली कोरीव पेटी समोर येते. मधोमध गुडघे टेकलेली मेरी, तिला आशीर्वाद देणारा येशू, बाजूला हातात देवळाची प्रतिकृती घेतलेला वोल्फगांग आणि दुसऱ्या बाजूला संत बेनेडिक्ट, वर बारीक दगडी जाळीसारखं लाकडाचं कोरीव शिखर. विजेचे दिवे नसलेल्या काळात, मेणबत्त्यांच्या उजेडात, वर्षातून मोजक्या दिवशी हे उघडताना बघणाऱ्या शेतकऱ्याचं काय होत असेल, विचार करा.

चित्रांमध्ये पाखरनं जे खोलीचं भान दाखवलंय, खांबांच्या रांगा मागं मागं जातात, छत खालून दिसतं, ते त्या वेळी आल्प्सच्या उत्तरेला नवं होतं. इटलीत पाडुआ वगैरे भागात जे चाललं होतं ते त्यानं बघितलेलं असणार, असं जाणकार सांगतात. ब्रुनेक म्हणजे दोन जगांच्या मधलं गाव. गॉथिक लाकूडकाम उत्तरेचं, चित्रातली नजर दक्षिणेची.

वेदीनंतर मला सर्वात आवडतं ते अंगणातलं कारंजं. १५१५ चं. मठाधिपती वोल्फगांग हाबर्ल यांनी ते करवून घेतलं, वर संताची छोटी मूर्ती. त्यावर कोरलेला मजकूर असा आहे, की हे गरीब यात्रेकरूंच्या उपयोगासाठी केलंय, ज्यांच्याकडं वाइनला पैसे नाहीत त्यांनी या पाण्यावर आनंद मानावा. कुणी याला थट्टा म्हणेल. मला त्यात हिशेब दिसतो. खानावळीवाल्यांचा धंदा जोरात होता, वाइन महाग होती, आणि तरीही मठानं देवळाच्या दारात फुकट पाणी ठेवलं, तेही पत्र्याच्या टाकीत नाही, नजर लागेल अशा देखण्या कारंज्यात. गरिबासाठी केलेली गोष्ट दिसायलाही सुंदर असावी, हे पाचशे वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचलं होतं.

आणि नेमका तिथून उतार सुरू झाला. कारंजं बसल्यावर दोनच वर्षांनी, १५१७ मध्ये, मार्टिन ल्यूथरनं चर्चच्या माफीपत्रांच्या धंद्यावर बोट ठेवलं. सुधारणेची लाट या खोऱ्यांतही आली, संतांचे नवस आणि यात्रा ओसरल्या. सतराव्या शतकात कॅथलिक सत्ता पुन्हा घट्ट झाली, तशी यात्राही सावरली. देवळात पैसा पुन्हा आला, आणि पैसा आला की काय होतं हे सगळ्या तीर्थांच्या गावांना ठाऊक आहे. जुनं पाडून नवं करायची हौस.

तोवर गॉथिक जुनाट झालं होतं, बरोकची चलती होती. १६७५ मध्ये मठानं रीड गावचा शिल्पकार थोमास श्वानथालर याला नवी वेदी करायला सांगितलं. बेत असा, की पाखरची वेदी काढायची आणि तिथं ही बसवायची. पण श्वानथालरनंच मठाधिपतींचं मन वळवलं, जुनी राहू द्या, माझी देवळाच्या मध्यावर बसवतो, असं सांगतात. आज त्याची जोडवेदी देवळाच्या मधोमध आहे. तीही बघण्यासारखी आहे, हलती, वळणदार, सोन्यानं भरलेली. पण त्याचं खरं काम मला विचाराल तर जे त्यानं मोडलं नाही ते. ज्याला नव्या कामाचे पैसे मिळणार होते तोच जुन्याच्या बाजूनं उभा राहिला.

हे किती मोठं होतं हे कळायला साल्झबर्गला जावं लागतं. पाखरनं आयुष्याच्या शेवटी तिथल्या, आज फ्रान्सिस्कन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चर्चसाठी आणखी एक प्रचंड वेदी केली होती. तिचं काम चालू असतानाच, १४९८ मध्ये, तो वारला. १७०९ च्या सुमारास तिथंही नव्याची हौस आली. पण तिथं कुणी श्वानथालर आडवा आला नाही. वेदी काढली, लाकडावरचं सोनं-चांदी वितळवून घ्यायला जाळली. एक मेरीची मूर्ती तेवढी नव्या वेदीत बसवली म्हणून वाचली. एकाच कारागिराची दोन कामं. श्रीमंत राजधानीतलं राख झालं आणि आडबाजूच्या गावातलं उभं राहिलं.

पुढचं शतक वाईट गेलं. सम्राट दुसरा योझेफ हा सुधारक, पण यात्रा-मिरवणुकांचा त्याला राग. मजूर कामाचे दिवस वाया घालवतात, असं त्याचं म्हणणं. त्यानं त्यावर निर्बंध घातले, शेकडो मठ बंद केले. १७९१ मध्ये हजार वर्षांहून जुना मोंडझेचा मठही बंद झाला. गावाचा मालक गेला, यात्रेचा कारभार बघणारे गेले. आता त्या गावाचं पोट कशावर चालणार, हाच तो सुरुवातीचा प्रश्न.

उत्तर आलं शेजारच्या इश्लहून. तिथल्या खारट पाण्याच्या स्नानांनी श्रीमंत लोक यायला लागले आणि सम्राट फ्रान्झ योझेफनं इश्लला उन्हाळी मुक्कामाचं ठिकाण केलं. १८५३ मध्ये त्याचा साखरपुडा तिथंच झाला. सम्राट आला की दरबार येतो, दरबार आला की व्यापारी, नाटकवाले, लेखक येतात. सरोवराकाठच्या गावांना नवे यात्रेकरू मिळाले. त्यांच्या खांद्यावर पापाचा दगड नव्हता, हातात छत्री होती. १८६२ मध्ये शाफबर्गच्या शिखरावर हॉटेल उघडलं, ऑस्ट्रियातलं पहिलं डोंगरमाथ्यावरचं हॉटेल म्हणून ते ओळखलं जातं. तिथवर धनिकांना खुर्चीत बसवून माणसं खांद्यावरून वर न्यायची. डोलीच म्हणा. १८७३ मध्ये सम्राटाच्या नावाची वाफेची बोट सरोवरात फिरायला लागली, तिचं इंजिन पुढं बदललं, पण बोट अजून चालते.

मग १८९३. शाफबर्गवर दातेरी रुळांची रेल्वे गेली. सहा किलोमीटरला थोडं कमी अंतर, पण जवळपास बाराशे मीटर चढ, काही ठिकाणी शंभर मीटरला पंचवीस मीटरहून जास्त. १,७८३ मीटर उंचीच्या शिखराजवळ नेऊन सोडते. रूळ टाकणाऱ्या मजुरांत बहुतेक इटलीहून आलेले होते. खुर्ची उचलणाऱ्यांचा धंदा त्या उन्हाळ्यात संपला असणार, त्यांचं पुढं काय झालं याच्या ओळी कुणी लिहून ठेवलेल्या मला सापडल्या नाहीत. त्याच वर्षांत साल्झबर्ग ते इश्ल ही छोट्या रुळांची गाडीही पुरी झाली. ७६० मिलिमीटरचा रूळ, आपल्या बार्शी लाइटचा जवळचा नातेवाईक. तिचं पुढं काय झालं ते येतंच.

पण गावाला जगभर नाव मिळालं ते एका नाटकानं. बर्लिनचा नाटककार ऑस्कर ब्लूमेंथाल इश्लजवळच्या आपल्या बंगल्यात उन्हाळा काढायचा. त्यानं आणि गुस्ताफ काडेलबुर्गनं एक फार्स लिहिला, सरोवराकाठच्या पांढऱ्या घोड्याच्या खानावळीतला. मालकीण विधवा, हेडवेटर तिच्या प्रेमात. १८९७ च्या अखेरीस बर्लिनला पहिला प्रयोग झाला. ८ नोव्हेंबर १९३० ला त्याच गोष्टीवर बर्लिनमध्ये संगीतिका आली, संगीत प्रामुख्यानं राल्फ बेनाट्स्कीचं, मांडणी एरिक शारेलची. तुफान चालली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये तिचे साडेसहाशे प्रयोग झाले, १९३६ मध्ये न्यूयॉर्कला गेली. देवळाला लागूनच असलेली ती पांढऱ्या घोड्याची खानावळ आज मोठं हॉटेल आहे आणि निम्मे पाहुणे संतासाठी नाही, या नाटकासाठी येतात असं म्हटलं तर गावकरी फार रागावणार नाहीत.

आता पर्यटन खात्याच्या पत्रकात नसतं ते सांगतो. ही हसरी संगीतिका ज्यांनी उभी केली त्यांतले कितीतरी ज्यू होते. शारेल ज्यू. संहितेत हात असलेला हान्स म्युलर ज्यू. गाणी लिहिणारा रॉबर्ट गिल्बर्ट ज्यू. बेनाट्स्कीची बायको ज्यू. १९३३ मध्ये हिटलर आला आणि जर्मनीत या संगीतिकेवर बंदी आली. शारेल, गिल्बर्ट, बेनाट्स्की, सगळे देश सोडून गेले. १९३८ मध्ये ऑस्ट्रियाच जर्मनीत सामील केला गेला. त्याच वर्षी साल्झबर्गमध्ये ज्यूंना तिथला पारंपरिक वेश, म्हणजे चामड्याची विजार, झालरीचा झगा, घालायला बंदी झाली. ज्या वेशाला या लोकांनी रंगमंचावरून जगभर नेलं, तोच त्यांच्या अंगावरून काढून घेतला.

आणि हे एका रात्रीत आलं नव्हतं. साल्झबर्गच्या उत्तरेला माटझे नावाचं असंच सरोवराकाठचं गाव आहे. १९२१ मध्येच त्या गावानं ज्यू पाहुणे नकोत असं जाहीर केलं होतं आणि संगीतकार आर्नोल्ड श्योनबेर्गला मुक्काम हलवावा लागला. ज्या गावांचं पोट पाहुण्यांवर, त्यांनीच पाहुण्यांची जात विचारायला सुरुवात केली. मला ही ओळ लिहिताना थांबावं लागलं.

युद्ध संपता संपता, मे १९४५ मध्ये, शेजारच्या श्ट्रोब्लला नाझींनी कैदेत ठेवलेला बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड अमेरिकन सैनिकांनी सोडवला. सांक्ट वोल्फगांगच्या दफनभूमीत एमिल यानिंग्स आहे, उत्कृष्ट अभिनेत्याचं पहिलं ऑस्कर मिळवणारा नट. नंतर त्यानं नाझींच्या प्रचारपटांत कामं केली, युद्धानंतर त्याला पडदा बंद झाला, १९५० मध्ये श्ट्रोब्लला वारला. याच सरोवराकाठी दर उन्हाळ्याला परत येत होता लेखक लिओ पेरुट्स. १९३८ मध्ये ज्यू म्हणून देश सोडून पॅलेस्टाइनला जावं लागलेला हा माणूस १९५७ मध्ये इश्लला वारला आणि तिथंच पुरला गेला. एकाच पाण्याकाठी दोघं. कोण कुठल्या डोळ्यांनी त्या पाण्याकडं बघत असेल, सांगता येत नाही.

संगीतिका मात्र परत आली. १९६० मध्ये पेटर आलेक्झांडरचा रंगीत सिनेमा आला आणि जर्मनीतून मोटारींच्या रांगा लागल्या. मोटारी आल्या, आणि १९५७ मध्येच ती छोटी रेल्वे बंद करून टाकली होती! रस्ता हेच भविष्य असं तेव्हा सरकारला वाटलं. आज त्याच रस्त्यावर उन्हाळ्यात वाहनं तुंबतात आणि लोक त्या गाडीच्या नावानं हळहळतात. मोंडझेला तिचं संग्रहालय आहे, डबे बघायला तिकीट काढावं लागतं. गावातली मुख्य गल्ली अरुंद, म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांसाठी डोंगरातून बोगदा काढावा लागला. हे एक काम चांगलं झालं, देवळासमोरून आता माणूस निवांत चालू शकतो.

दुसरं चांगलं काम जमिनीखाली आहे. पर्यटनाच्या लाटेत ऑस्ट्रियातल्या अनेक सरोवरांत हॉटेलांचं, घरांचं सांडपाणी सोडलं जायचं, पाणी हिरवं व्हायला लागलं होतं. मग सरोवरांभोवती सांडपाण्याच्या नळांची कडी टाकली. काठावरचं सगळं मैलापाणी गोळा करून शुद्धीकरण केंद्राकडं न्यायचं, सरोवरात थेंब नाही. खर्च मोठा, काम वर्षानुवर्षांचं, उद्घाटनाला फीत कापायला काही दिसत नाही. पण आज त्या देशातल्या बहुतेक सरोवरांत लोक निर्धास्त पोहतात. आपल्या गावच्या तळ्याकडं मी मुद्दाम वळत नाही. आधी निर्माल्य, मग कारंजे, मग रोषणाई हा क्रम तुम्हालाही पाठ आहे.

सगळं गोड आहे असं नाही. तासाभराच्या अंतरावरच्या हालश्टाट गावात सातशे-आठशे लोक राहतात आणि गर्दीच्या दिवशी दहा हजार पाहुणे येतात. २०२३ मध्ये तिथं सेल्फीवाल्यांना आवरायला फोटोच्या जागी लाकडी कुंपण उभं केलं, मग ओरड झाल्यावर काढलं. सांक्ट वोल्फगांगची अजून ती गत नाही. पण डिसेंबरात नाताळची जत्रा भरते, सरोवरात भला मोठा कंदील तरंगत ठेवतात, तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नसते.

आपल्यातलं कुणी युरोपला जाणार असेल, मुलाकडं किंवा टूरनं, तर साल्झबर्गहून इश्लला जाणारी १५० नंबरची बस श्ट्रोब्लला सोडते, तिथून दुसरी बस. त्यापेक्षा सांक्ट गिल्गनला उतरा आणि बोटीनं जा. मोझार्टची आई तिथं जन्मली, त्याची बहीण लग्न होऊन तिथंच राहिली, ते घर बघता येतं. पायात जोर असेल तर फाल्कनश्टाइनची वाट धरा, दोन-तीन तासांत गुहेवरून पलीकडं उतरता. शाफबर्गची गाडी थंडीत बंद असते, तारखा बघून जा. वेदी आता वर्षातला बहुतेक काळ पूर्ण उघडीच असते, फक्त ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत कवाडं मिटतात. त्या दिवसांत गेलात तर सोनं दिसणार नाही. वोल्फगांगची ती चार चित्रं दिसतील, देऊळ बांधणारा, आजाऱ्याला बरा करणारा. सोळाव्या शतकात खांद्यावर दगड घेऊन, मंगळवारी नाहीतर बुधवारी गावात पोहोचलेल्या माणसालाही तेवढंच दिसायचं.